कोंड्याचा मांडा

ग्रिम्सबीच्या इस्पितळात, तळमजल्यावरच्या सभागृहात,
सँडविचच्या ताटांशेजारी उभं राहून
मोठ्या साहेबांनी कागदावरचं नाव वाचलं:
'कोंडा बिरनाळे.'
टाळ्या पडल्या.
टंकताना एक अक्षर घसरलं होतं.
मिरजेत जन्मलेली कुंदा मी, गेले पुढे, घेतला कागद.
शाइनीनं पुण्यात सहा वर्षं काढलीत,
ती मागच्या रांगेत फसकन हसली.

'सतरा जानेवारीच्या रात्री दाखवलेल्या निष्ठेबद्दल.'

सतरा जानेवारी.
खाडीवरचं धुकं अँब्युलन्सच्या चाकांबरोबर
दारातून आत यायचं.
कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून अठरा ट्रॉल्या,
बारा जणींच्या पाळीला आठ जणी,
आणि गोदीवरचा एक पोरगा,
बर्फाच्या कारखान्यातला, हृदय थांबलेला.

टीव्हीवर त्याला दोन हात पुरतात.
खरे हात दुसऱ्या मिनिटाला दुखतात,
तिसऱ्या मिनिटाला फसवू लागतात, आपल्या नकळत.
म्हणून मागे दुसरी उभी असते, तळवे चोळत.
ग्लेनिस घड्याळ बघून म्हणते, 'बदल',
मी उतरते, फोलाके चढते,
मध्ये श्वासाएवढीही फट नाही.
मोजणी मात्र ज्याची त्याची.
शाइनी मल्याळममध्ये मोजते.
मी एकोणतिसाला अजून अडखळते,
पहिलीत अडखळायची तशीच.

रक्ताच्या पिशव्या आणायला क्लिफ धावला,
नव्या गुडघ्यावर, निवृत्तीला चार महिने असताना.
बोझेना आमच्या पायांमधून फरशी पुसत राहिली.
कुणी घसरलं नाही.
न घसरल्याची नोंद
कुठल्या फॉर्मात करतात, साहेब?
आणि खिडकीवरच्या पॉलीननं त्याच्या आईला
बोलतं ठेवलं, चाळीस मिनिटं,
पोरगा लहानपणी काय खायचा, काय थुंकायचा, इथपर्यंत.

तो वाचला. मार्चमध्ये केक घेऊन आला,
कुणाला द्यायचा ते न कळून
दारातच उभा राहिला.

पण साहेब, एकवीस जानेवारी.
त्याच आम्ही, तेच हात,
बोझेनाच्या बादलीलाही तोच फिनेलचा वास.
शाळेच्या जेवणघरात वाढणारी बाई, बावन्न वर्षांची,
ॲप्रनच्या खिशात मटारचा एक दाणा.
पन्नास मिनिटं.
मग ग्लेनिसनं नियमाप्रमाणे विचारलं,
'अजून काही करायचं राहिलंय, असं वाटतं का कुणाला?'
एकेकीकडे बघून विचारलं.
दाराशी मॉप धरून बोझेना उभी होती,
तिलाही विचारलं.
बोझेनानं मान हलवली,
ती हलवायला तिला फार वेळ लागला.

फोलाकेनं बाईचे केस विंचरले.
क्लिफनं वळणावर ट्रॉली इतकी हळू घेतली
की वाटलं, हा तिची झोपमोड टाळतोय.
त्या रात्रीचा कागद नाही.
मीही मागितला नसता,
पण सभागृहात टाळ्या वाजत होत्या तेव्हा
माझ्या कानात तो प्रश्न होता.

आता प्रमाणपत्र चहाच्या खोलीत आहे,
किटलीच्या मागे, वाफेनं कडा वळलेलं.
शाइनी पेन घेऊन आली होती नाव दुरुस्त करायला.
मी म्हटलं, राहू दे.
'कोंडा म्हणजे काय ग?' ग्लेनिसनं विचारलं.
धान्य कांडलं की उरतो तो भुसा.
'अरेरे.'
आमच्याकडे त्याचाही मांडा करतात म्हणे.
'आणि मांडा?'
हातावर फिरवत, फिरवत, तलम होईस्तोवर वाढवतात,
अशी पोळी. सणाची.
'भुशाची?'
ज्यांच्याकडे दुसरं काही नसतं, त्यांची.

ग्लेनिसनं कप विसळला,
भिंतीवरच्या पाळीच्या तक्त्यावर बोट फिरवलं, खालपर्यंत.
'आज सातच आहोत,' म्हणाली,
आणि केस वर बांधले.