रकाना दुसरा

हलच्या गोदीमागे, संग्रहालयाच्या तळघरात
सोमवारी हीटर बंद असतो.
ओल्डरॉइड फ्लास्कच्या झाकणातला चहा माझ्यापुढे सरकवतात
आणि म्हणतात, हा बघ, बिनकागदाचा आलाय.

बुटांच्या खोक्यात, कुणा जहाजावरच्या डॉक्टरच्या नातीने दिलेला
मूठभर पक्षी.
डोळ्यांच्या जागी कापूस,
पाय दोऱ्याने एकमेकांना बांधलेले,
आणि दोऱ्याला लेबल नाही. नुसती गाठ.

निळा चॅफिंच, एवढं मलाही कळतं.
कपड्यांना द्यायची नीळ
चुलीतल्या राखेत सांडावी, तसा.
दोनच बेटांवर राहतो,
ज्वालामुखीच्या उतारावर, पाइनच्या रानात.
प्रश्न एवढाच, की हा कुठल्या बेटाचा.

मी कॅलिपर उघडते.
चोच: दणकट नाही, पण नाजूकही म्हणवत नाही.
पंख: पट्टीवर दाबून धरला तर अठ्ठ्याण्णव मिलिमीटर,
सैल सोडला तर शहाण्णव.
थोरल्या बेटाचा शंभरीपुढे जातो, ओल्डरॉइड सांगतात,
पण कातडं वाळलं की आकसतं.
सव्वाशे वर्षांत कोण आकसत नाही.
पंखावरचे दोन पट्टे पांढरे म्हणावेत,
तर धाकट्या बेटाचा.
राखट म्हणावेत, तर थोरल्याचा.
बल्बखाली पांढरे.
झरोक्यापाशी नेले, तर हंबरवरचं आभाळच राखट,
त्याला काय करणार.

रजिस्टरात दोन रकाने आहेत.
दुसऱ्याला पुस्तकी मराठीत उपप्रजाती म्हणतात.
मला पेन्सिल टेकवताच आठवलं, पोटजात.
बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला,
करमाळ्याचा, घडीवर फाटलेला:
हेडमास्तरांनी तोंडाकडे पाहून, आडनाव विचारून,
अंदाजाने लिहिलेला एक शब्द.
खाली आजोबांचा अंगठा.
तो अंदाज मग माझ्या दाखल्यावर आला,
भावाच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मवर आला,
एका मोडलेल्या सोयरिकीतही बसून गेला.
दुरुस्तीसाठी बाबांनी तहसीलला अकरा खेपा घातल्या.
बाराव्या खेपेला छत्री तिथेच विसरले
आणि ती आणायलाही गेले नाहीत.

हे मी ओल्डरॉइडना सांगत नाही.
तेच सांगतात, की आता या दोघांना तसं म्हणत नाहीत,
दोन वेगळ्या प्रजाती झाल्या, झाली काही वर्षं.
बेटांवर कळवलं का कुणी, मी विचारते.
ते हसतात, मग बराच वेळ खोकतात.
म्हणजे दुसरा रकाना रिकामाच राहणार
आणि अडचण एक घर डावीकडे सरकली.

पक्षी तळहातावर उताणा करते.
वजन काहीच नाही, संपत आलेल्या साबणाच्या वडीइतकं.
छातीच्या डाव्या बाजूला छऱ्याचं भोक,
त्याभोवतीची पिसं कुणीतरी ओल्या बोटाने
नीट बसवलेली.
मांडीच्या पिसांत डिंकाचा एक ठिपका,
अजून चिकटच आहे की काय, असं वाटायला लावणारा.

मऊ शिशाची घे, ओल्डरॉइड म्हणतात,
पुढच्याला खोडता आलं पाहिजे.

मी धाकट्या बेटाचं नाव लिहिते,
पुढे प्रश्नचिन्ह, जरा मोठंच आलं,
आणि जुन्या गाठीला हात न लावता
तिच्या शेजारी दुसरी मारते.