दुसरा गिअर

मोहाडीच्या बोरस्त्यांनी पैसे मोजून घेतले
आणि त्यांनाच थोडं ओशाळल्यासारखं झालं असावं,
वरून द्राक्षांची एक पेटी दिली.
जीप टेम्पोत चढवताना
सीटखालून कोंबडीची तीन अंडी निघाली.
ती त्यांनी परत घेतली.

एकतीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात
कोऱ्या कागदातला दोष हुडकत बसलो.
शाई केसभर सरकली, बाजूला.
आकड्याचं शेपूट तुटलं, बाजूला.
आणि निवृत्त होऊन घरी काय आणलं,
तर जिच्यात दोषाशिवाय काहीच नाही अशी वस्तू.
विजू म्हणाली, "आता हिला कुठे बाजूला ठेवणार?"
तिची स्कूटर त्या रात्रीपासून रस्त्यावर.

पहिल्या बोल्टाला चार दिवस लागले.
रॉकेल पाजलं, डिझेल पाजलं,
हातोडीनं समजावलं,
ठेवणीतल्या शिव्या संपल्या.
पाचव्या दिवशी तो फिरला नाही, मोडला.
पडलेली दाढ बघावी तसा
मी तो तुकडा तळहातावर घेऊन बसलो.

अंबडला झनकरांच्या लेथवर गेलो.
"हे माप आता येत नाही, साहेब."
"मग?"
"मग काय, बनवायचं."

भद्रकालीत मुनाफभाई गोणपाटावर डबा उलटा करतात,
वायसर, स्प्रिंगा, कुणाकुणाच्या कार्बोरेटरची पोटं,
आणि एका बोटानं ढवळत जातात,
गव्हातले खडे वेचावेत तसं.
एक जेट उचलून उजेडात धरतात, एक डोळा मिटून.
तेव्हा कळलं,
हा माणूस माझ्याच खात्यातला.

मग रंग खरवडायला घेतला.
वरचा पांढरा बोरस्त्यांचा,
मोरचुदाच्या निळ्या ओघळांसकट.
त्याखाली पिवळा, कुठल्याशा धरणाच्या कामावरचा असेल.
त्याखाली हिरवा, देवळालीच्या तोफखान्यातला,
हे मी आपलं ठरवून टाकलं.
आणि हिरव्यात, डॅशबोर्डच्या आतल्या अंगाला,
खिळ्यानं ओढलेल्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
मोजल्या. सदतीस.
परत मोजल्या, हाताची सवय.
सदतीस काय?
दिवस? पेट्रोलचे डबे?
घरून न आलेली पत्रं?
की कुणाची तरी वाट बघताना
नुसताच हाताला चाळा?

प्रायमरचा ब्रश हातात वाळून कडक झाला.
तेवढी वीतभर जागा मी तशीच सोडली.
नोकरीत कधी केलं नाही ते केलं,
दिसत असताना पुढे जाऊ दिलं.

चौदाव्या महिन्यात, एका मंगळवारी,
ती आधी खोकली.
मग चंद्रात्र्यांच्या वाळत घातलेल्या चादरीवर
काळ्या धुराचा एक लोट सोडला.
मग लागली.
अकरा मिनिटं चालली, मी घड्याळ लावून उभा,
डोळ्यांत धूर गेला असं विजूला सांगत.
चंद्रात्रेबाई भांडायला म्हणून खाली आल्या
आणि मागच्या सीटवर चढून बसल्या.

आता रविवारी मखमलाबादच्या पुढे,
डांबर संपतं तिथपर्यंत जातो,
आणि नंतर थोडं त्याच्याही पुढे.
फक्त दुसरा गिअर टिकत नाही. चढावर उडतो.
झनकर म्हणतात, पेटी पुन्हा उघडावी लागेल,
दात झिजलेत.
मी म्हणतो, द्राक्षं संपू द्या, मग बघू.
मागच्या वर्षीही हेच म्हणालो होतो.

खरं कारण त्यांना सांगण्यासारखं नाही.
चढ आला की विजू
दोन्ही हातांनी लिव्हर दाबून धरते,
ओठ मिटून, पुढे रस्त्याकडे बघत.
मी "धर" म्हणायच्या आत तिनं धरलेला असतो.
हाताला ग्रीस लागतं, पदराला पुसते,
इंजिनाची सगळी थरथर तिच्या बांगड्यांत उतरते
आणि मागून चंद्रात्रेबाई ओरडून विचारतात,
"अजून किती आहे हो चढ?"