वांगं नंतर कोण चिरणार

वस्तुचित्राच्या तासाला घरत बाईंनी
टेबलावर मांडलं एक वांगं, एक तांब्या,
मागे चुरगळलेला निळा पडदा.
इंटरमिजिएटला येतं तसंच.
आम्ही पेन्सिली उचलल्या, तेव्हा म्हणाल्या,
हे वांगं नंतर कोण चिरणार?
तेही दिसलं पाहिजे.

तुर्भ्याच्या शाळेतल्या आम्ही बावीस जणी.
मी पडद्याआडून येणारा आईचा हात काढला,
नखांत हळद.
परीक्षेत नापास झाले.
बाईंनी तो कागद मागून घेतला.

त्यांचं नाव जिच्यामुळे झालं
ती दोरी आम्ही पाहिली नाही, फक्त ऐकली.
करावे गावात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले
आणि भावांना बहिणी आठवल्या.
हक्कसोडावर अंगठे उठले, चहा झाला.
द्वारका घरत घरोघर हिंडल्या
आणि मागितलं काय,
तर अंगठ्याची शाई पुसलेलं फडकं.
लोक म्हणाले, मुंबईत शिकून पोरीचं डोकं फिरलं.

चाळीस फडकी जमली.
बेलापूरला सिडकोच्या कचेरीसमोर
दोन खांबांना दोरी बांधून वाळत घातली.
खाली पाटी: कागद त्यांच्याकडे, शाई इथे.
थोरल्या बहिणीनं, सुंदरानं, पदरालाच पुसला होता अंगठा.
"पदर नाय कापाचा. मनाच टांग."
दहा ते पाच ती उन्हात दोरीखाली उभी राहिली,
मध्ये एकदा पाणी प्यायली.

शेवटी एक चिमटा होता, रिकामा.
त्यावर पुढे परिसंवाद झाले.
अनुपस्थिती, अवकाश, असं बरंच.
आम्ही सरळच विचारलं, बाई, तो कुणाचा?
त्या खडू झटकत होत्या.
"माझा. मी शिकलेली ना.
पेननं सही केली,
पुसायला काही उरलंच नाही."
मग मधल्या सुट्टीची घंटा झाली.

म्हातारपणी वाशीच्या घरी संग्रहालयाची माणसं आली,
पांढरे हातमोजे घालून.
किंमत विचारली.
बाई म्हणाल्या, करावेतला आजचा भाव काढा आधी,
चौरस फुटाचा.
माणसं हसली.
बाई थांबल्या होत्या, आकड्यासाठी.

फडकी त्यांनी ज्याच्या त्याच्या घरी परत दिली होती.
तीन घरांत ती लादी पुसायला लागली.
हे त्यांनी वहीत लिहून ठेवलंय, तारखांसह,
कामाचा भाग म्हणून.

आता मी कोपरखैरण्यात शिकवते.
वांगं मांडते, तांब्या मांडते, प्रश्न विचारते.
एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे वांगं कुणी खातच नाही.
वर्ग हसला, मीही.

परवा तासातच भावाचा फोन आला.
आईची तुर्भ्याची खोली नावावर करायचीय,
फक्त सही, दोन मिनिटं.
समोर तीस मुलं, टेबलावर वांगं,
माझ्या हातात पेन.
म्हटलं, वस्तुचित्र चालू आहे,
नंतर बोल.