गट नंबर दोनशे चौदा

मखमलाबादच्या पुढं, द्राक्षबागा संपतात तिथं,
गावाच्या उगवतीला अकरा एकर सव्वीस गुंठे माळ.
समोर रामशेज.
सातबाऱ्यावर पोटखराबा, माझ्या स्क्रीनवर फिकट पिवळा.
एका दुपारी, कॉलेज रोडच्या ऑफिसात, एसी लावून
मी त्यावर चौसष्ट घरं मांडली :
पश्चिमेचा वारा आरपार जाईल अशा खिडक्या,
गच्चीवर सोलर, ओट्याखाली पावसाच्या पाण्याची टाकी.
फलकावर लिहिलं, शाश्वत वसाहत.

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर हौशीराम थेटे
चष्मा पुसून पुसून ते दोन शब्द वाचत राहिले.
"शाश्वत म्हंजे?"
म्हटलं, टिकणारं. नातवंडांनाही पुरणारं.
"आमच्या कीर्तनात तर उलटंच सांगतात."
माणसं हसली. मीही हसले.
मग त्यांनीच विचारलं, आवाज खाली आणून,
"पण एवढ्या घरांचं सांडपाणी
कुणाच्या विहिरीकडं उतरणार?"

त्याला माझ्याकडं रंगीत आकृती होती.
खडी, वाळू, कर्दळीचे वाफे, पुन्हा खडी.
त्यांनी आकृतीवर बोट ठेवलं
आणि बराच वेळ उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फक्की मारत होतो.
कडूबाई बेंडकुळे शेळ्या घेऊन आल्या.
नकाशा मी पुढं केला, त्यांनी तो बघितला नाही.
शेळ्यांमागं चालत राहिल्या, वाकड्यातिकड्या,
झोपेत कुणी मोरीकडं जावं तशा सरावानं,
आणि बांधाशी थांबल्या.
"बाई, हितून पाणी जातं.
दरसाल न्हाई. पाचा-सात वर्सांनी येकदा.
पण जातं."

यंत्र लावलं. शंभर फुटाला एक फूट उतार.
डोळ्यांना दिसत नाही, शेळ्यांना दिसत असावा.
त्या वाटेवर माझी सात घरं उभी होती,
दोन विकलेली,
त्यातलं एक माझ्या धाकट्या दिराला.

कापडणीस शेठ फोनवर म्हणाले,
सात वर्षांनी येणाऱ्या पाहुण्यासाठी
कुणी सात खोल्या रिकाम्या ठेवतं का?
पाइप टाका.
मी हो म्हटलं. पाइप काढलाही,
निळ्या रंगात, सहाशे मिलिमीटर.
दोन दिवस तो कागदावर चांगला दिसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी
तेविसाव्या प्लॉटची खुंटी तीन फूट सरकलेली.
फैजान म्हणाला, आईशप्पथ मॅडम, मी नाही.
कुणीच नव्हतं.
खुंटीच्या मूळ जागेवर खड्यांमध्ये
खड्यांसारखीच चार अंडी,
आणि डोक्यावर टिटवी, नुसती शिव्या घालत.
"औंदा उंचावर घातली," हौशीराम म्हणाले,
"पाऊस बरा दिसतो."
माझ्या बॅगेत तीस वर्षांच्या पावसाची कोष्टकं होती.
ती मी बाहेर काढली नाहीत.
अंड्यांपासून खाली पावलं मोजली :
बाविसाव्या पावलाला कडूबाईंची वाट.

रात्री खोडरबर घेऊन बसले.
सत्तावन्न घरं. रस्ता वाकला.
वाकल्यावर त्याला एक आंब्याचं झाड सापडलं,
आधी ते कुणाच्या तरी बेडरूममध्ये येत होतं.
वाळवणाला एक सामाईक गच्ची काढली.
शेळ्यांना आडवं जायला वाट ठेवली,
आणि मागच्या गल्लीचं वळण रुंद केलं,
तिरडी चौघांच्या खांद्यावर न अडखळता वळेल इतकं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
नकाशात त्या वळणाला नाव दिलं नाही,
फक्त माप लिहिलं.

टिटवीसाठी सूचीत खूण नाही.
तेविसाव्या प्लॉटवर पेन्सिलनं गोल काढला,
शाई केली नाही.

दिरानं जेवताना विचारलं,
"वहिनी, माझं घर कुठं गेलं?"
म्हटलं, पाण्यात.
म्हणजे, पाण्याला दिलं.
त्यानं आमटीची वाटी पुढं सारली,
मी वाढली.
अजून नीट बोलत नाही तो.