तुरळक ठिकाणी

सोनेगावला बुरुजावर पांढरा घुमट आहे.
आत एक मोठं ताट फिरत असतं रात्रंदिवस,
चारी दिशांना हाक मारतं
आणि थांबून ऐकतं
कुणी ओ देतंय का.

ओ देणारे बरेच असतात.
तिन्हीसांजेला तेलंखेडीच्या झाडांतून सुटलेली वटवाघळं,
दिल्लीहून उतरणारं विमान,
आणि रामटेकची टेकडी,
ती तर बारा महिने पडद्यावर एकाच जागी
हिरवा ठिपका होऊन बसलेली.
कधीच न पडणारा पाऊस.
नवीन पोरं पहिल्या आठवड्यात फसतात तिला.
मीही फसले होते.

त्या दिवशी सात-चाळीसला
कोंढाळीच्या पलीकडून एक ढग निघाला.
उपग्रहाने त्याचा माथा मोजून पाठवला: उणे बासष्ट.
चैत्रात बेचाळीस अंशांनी भाजलेल्या गावाच्या डोक्यावर
उणे बासष्ट.
पडद्यावर हिरव्यात पिवळा, पिवळ्यात लाल,
आणि लालाच्या पोटात
शालूला असतो तसा गर्द जांभळा.

मी इशारा लिहिला. शब्द ठरलेले असतात:
पुढील तीन तासांत, नागपूर जिल्ह्यात,
तुरळक ठिकाणी
गारपिटीची शक्यता.
वीस वर्षं लिहितेय, तुरळक ठिकाणी.
ते गाव कुठल्या तालुक्यात येतं
असं कुणी विचारलं नव्हतं.

"मी गुणवंत लांजेवार, बेसाहून. मंडपवाला.
मॅडम, मेसेज आला तुमचा.
तुरळक म्हंजे आमच्या इकडं का नाही,
तेवढं सांगून द्या ना जी.
सातशे पान जेवायचं हाये.
वर टिनाचे पत्रे, खाली लोखंडी पाइप,
अन् नवरदेव मानेवाडा चौकात नाचून राहिला."

नियम असा, की आम्ही घर सांगत नाही.
शक्यता सांगतो.
मी पडद्याकडे वळले.
ढग वाडी ओलांडून आमच्याच माथ्यावर येत होता,
आणि रडारची एक खोड आहे:
पार तिकडचं बैतूल त्याला दिसतं,
स्वतःच्या डोक्यावरचं दिसत नाही.
मधोमध एक काळं वर्तुळ राहतं.
शिकवणारे त्याला मौनाचा शंकू म्हणायचे.
बेसा त्याच्या काठावर.

फोन कानाला तसाच धरून
मी बाहेर जिन्यावर आले
आणि उघड्या डोळ्यांनी वर पाहिलं.
थोडं लाजल्यासारखं झालं.
विजेत ढगाचं पोट हिरवट दिसलं.
कुंपणाजवळच्या पिंपळाचं, पिंपळाचं, एक पान हलत नव्हतं.
"मॅडम," तिकडून गुणवंत,
"वारा पडला जी इकडं. एकदम पडला.
झालर नुसती लोंबून राहिली."

पाच-सहा किलोमीटरच्या अंतरावर
दोन माणसं एकाच शांततेत उभी.

"बाया-पोरं आधी काढा," मी म्हटलं,
"शाळेच्या पक्क्या खोल्यांत न्या.
पत्र्याखाली कुणी थांबू नका."
"पक्कं ना?"
"शक्यता आहे."
"बाप्पा!" तो म्हणाला,
आणि फोन बंद झाला.
हो म्हणाला की नाही, कळलं नाही.

मग घुमटावर आधी अक्षता पडाव्यात तशा,
नंतर कुणी ट्रकभर खडी ओतावी तशा.
घुमट भिजला की रडारची नजर मंदावते.
पडद्यावर जांभळा फिका पडत गेला,
जणू वादळ निवळतंय.
बाहेर ते नुकतं सुरू झालं होतं.

पहाटे फुगा सोडून आत आले, तर तोच नंबर.
"बारा पत्रे उडाले जी. एक तर थेट बेलतरोडीत सापडला.
माणूस एकही नाही.
लग्न लागलं पाचवीच्या वर्गात, फळ्यासमोर.
मुहूर्त चुकला म्हणून मामा रुसून बसला."

नोंदवहीत गारेचा आकार लिहावा लागतो.
"केवढी होती गार?"
"संत्र्याएवढी."
माझं पेन थांबलेलं त्याला ऐकू गेलं असावं.
"बरं, आवळ्याएवढी लिहा."

लिहिलं. आवळा. बेसा.
पडदा पुसून ठेवल्यासारखा काळा, कोरा,
आणि ईशान्येला एकटी रामटेकची टेकडी
आपला न पडणारा पाऊस घेऊन.