चौथ्या आकड्यानंतर

पाकीट टपालाने आलं. पत्ता तिच्याच हातचा,
तिरपा, पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत लिहिल्यासारखा.
आत रेकॉर्ड. वर नुसतं
तुइरे रौताला.
आम्हा बाकीच्या तिघांपैकी कोणी नाही.

एकोणीस वर्षं मी तिच्यापुढे उभा होतो, पाठमोरा.
लोक विचारतात, वाजवताना ती दिसायची कशी?
मला काय माहीत.
पाठीला विचारा.
मणक्याच्या खालच्या दोन गाठींना ठाऊक असायचं
तिचा उजवा पाय कधी पडणार ते.
कुओपिओच्या गळक्या तंबूत,
तुर्कूहून सुटलेल्या त्या बोटीवर,
जिथे समुद्र असा उसळला की झांजा आपोआप वाजू लागल्या
आणि ऑस्मो माइक धरून ओकला,
तिचा पाय तेवढा जागच्या जागी.

सोडून गेली तेव्हा भांडण झालं नाही.
व्हॅन धुऊन आणली, किल्ली माझ्या हातावर ठेवली,
म्हणाली, मला काही गाणी सुचलीत.
ऑस्मो हसला. ड्रमरला गाणी?
मीही हसलो, थोडंसं.
तेवढंही तिला ऐकू गेलं असणार.

सुई टेकवली. खरखर. मग तिचा आवाज:
यक्सी, काक्सी, कोल्मे, नेल्या.

आमच्या सातही रेकॉर्डींत प्रत्येक गाण्याआधी
ती हे चार आकडे म्हणायची,
आणि काचेपलीकडचा माणूस ते कापून टाकायचा.
सुरुवातीला खरीखुरी फीत असायची,
तपकिरी तुकडे खाली पडायचे,
रात्री कोणीतरी झाडून न्यायचं.

नेल्या. आणि मी ड्रमची वाट बघतो.
ड्रम येत नाहीत.
येते एक पायपेटी, तिच्या मावशीच्या प्रार्थनाघरातली,
एक पट्टी मुकी.
वर तिचं गाणं, वडिलांच्या कागद गिरणीचं:
तीन नंबरचं यंत्र कायमचं थांबलं
त्या रात्री गावात कोणाचा डोळा लागेना, इतकी शांतता,
म्हणून बाप स्वयंपाकघरात बसून
टेबलावर दोन बोटांनी यंत्र वाजवत राहिला
पोरं झोपेपर्यंत.
इथे मी उठून कॉफी चढवली. उगाच.

दुसऱ्या बाजूला ड्रम आहेत, पोटभर.
आणि बेस? बेसपुढेही तिचंच नाव.
वाजवते बरी. बोटं जड.
पण चौथ्या गाण्यात, तिसऱ्या ओळीवर,
बेस केसभर उशिरा पडते.
सुई मागे नेली. पुन्हा उशिरा.
पुन्हा.

तो उशीर मी ओळखतो.
तो माझा आहे.

मला वाटायचं मी ठेक्यात आहे.
आणि ती मागे, दर तिसऱ्या ओळीला,
काठी क्षणभर हवेतच धरून
मला येऊ देत होती.
एका शब्दाने बोलली नाही कधी.
आता तो तिने शिकून घेतलाय, जसाच्या तसा,
कुठेही दुरुस्त न करता.

ऑस्मोला फोन करायला हवा. नाही करत.
बाहेर शेजारी फावड्याने बर्फ ओढतोय, बेताल.
रेकॉर्ड उलटून पुन्हा पहिली बाजू लावली,
खुर्ची स्पीकरसमोर ओढली, नीट तोंड करून बसलो.
काही केल्या ऐकू येईना.

मग फिरवली खुर्ची. पाठ केली तिच्याकडे.
हां.
आता मोज.