ढमढेरे दाराशी थांबतात

आत जाण्याआधी लोखंड बाहेर ठेवायचं:
किल्ल्या, घड्याळ, केसांतले आकडे,
ओढणीची टाचणीसुद्धा.
मी एकेक काढून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवते.

ढमढेरे दाराशीच थांबतात.
त्यांच्या मांडीत सळई आहे,
चांदणी चौकातल्या अपघाताची.
त्या सळईला लोहचुंबक चिकटत नाही,
मी स्वतः लावून पाहिलंय, पँटवरून,
दोघंही ओशाळलो होतो.
तरी ते थांबतात.
"उगाच तुमचा आकडा चुकायला नको, मॅडम."

रात्रीचे पावणेदोन.
पाषाणचा रस्ता निजल्याशिवाय यंत्र स्थिरावत नाही,
बायपासवरचा एकेक कंटेनर त्याला कळतो.

चिखलाचा नळा बंगालच्या उपसागरातून आलाय,
हजार मीटर पाणी
आणि त्याखालचा वीस मीटर काळोख.
उभा चिरला तेव्हा सडक्या अंड्यांचा वास
कॅन्टीनपर्यंत गेला.
गटार तुंबलंय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

वास त्यांचा होता,
ज्यांना तोंड नाही आणि तरी जे जेवतात.
तिथे हवा पोचत नाही, म्हणून ते सल्फेटवर श्वास घेतात
आणि सोडतात तो गंधकाचा उच्छ्वास.
खालून मिथेन चढतो, वरून समुद्र झिरपतो,
दोघांची गाठ पडते
त्या हातभर पट्ट्यात त्यांची पंगत बसते.
उठायची घाई कुणालाच नसते.

पंगतीत वाढलं गेलं ते लोखंड आपलं.
ढमढेऱ्यांना मी नकाशावर बोट फिरवून दाखवलं:
ही मुठा, इथे मुळेला मिळाली, मग भीमा,
मग कृष्णा, मग संपलंच.
वेताळ टेकडीच्या काळ्या फत्तरातून झिजलेले
मॅग्नेटाइटचे कण,
धरणं नव्हती, अडवणारं कुणी नव्हतं तेव्हाचे.
तळाशी टेकताना प्रत्येकाने
त्या दिवशीची उत्तर दिशा धरून ठेवली.
"म्हणजे आपली टेकडी तिकडेपण आहे म्हणायची."
होती, मी म्हटलं.

गंधकाने ते कण कुरतडले.
बरेचसे पायराइट झाले,
पिवळे, चकचकीत, चुंबकाला ओळख न दाखवणारे.
पण जिथे गंधक पुरला नाही
तिथे काम अर्ध्यावर राहिलं.
त्या अर्ध्या कामाचं नाव ग्रेगाइट.
काळं, बारीक, पुन्हा चुंबकीय.
त्यानेही उत्तर दिशा टिपली,
पण स्वतःच्या जन्माच्या दिवशीची,
भोवतालच्या चिखलाहून हजारो वर्षं उशिराची.
खोटं म्हणता येत नाही.
तारीख तेवढी विचारायची नाही.

अपघात ढमढेरे दर वेळी वेगळा सांगतात.
ट्रक कधी वाळूचा असतो, कधी उसाचा.
कधी मागच्या सीटवर सुलभावहिनी असतात.
आज सांगताना नव्हत्या.
मी दुरुस्ती करत नाही.

परवा गुरुवारी वीज गेली, जनरेटर अडून बसला.
ग्रेगाइटला हवा आणि ऊब लागली की ते गंजायला लागतं,
मग समुद्राने जपलेलं आपण दोन तासांत पुसतो.
ढमढेऱ्यांनी रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणली,
गोणपाटात गुंडाळून, लंगडत,
आणि नायट्रोजन भरलेल्या पिशव्यांना
बाहेरून टेकवून बसले,
वीज येईपर्यंत,
तापातल्या मुलाशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटत.

यंत्र स्थिर होतं. मी श्वास धरते.
"उतार सत्तावीस," आतून ओरडते.
"सत्तावीस," बाहेरून येतं, पेन्सिलीसकट.
मग जरा वेळाने:
"हा जुन्याचा धरायचा का नव्याचा?"
माहीत नाही, म्हणते. लिहून ठेवा.

ते लिहितात.
पुढचा तुकडा सरकवते तोवर
दारापलीकडून
खोडरबराचा आवाज येतो.